जरा दम धरा



मराठी भाषेतील काही शब्द फार कष्टाळू असतात. 'दम' हा त्यांपैकी एक होय. घाट चढून आलेल्या माणसाला दम लागतो, आणि आपण त्याला म्हणतो, "बसा, जरा दम खा." उतावळ्या माणसाला 'दम धर' म्हणून आपण आवरतो. द्वाड पोराला दम देतो. एखाद्याच्या बोलण्यात दम नसतो, तर एखादे काम आपला अगदी दम काढते. फार्सीत 'दम' म्हणजे श्वास. संस्कृतातही एक 'दम' आहे. 'शमदम' या जोडशब्दात आपण तो ऐकतो आणि त्याचा अर्थ आहे इंद्रियांचा निग्रह. दोन निरनिराळ्या कुळांतले हे शब्द मराठीच्या अंगणात शेजारी येऊन बसले, आणि आज आपण कोणाला 'दम धर' म्हणतो तेव्हा त्याने श्वास आवरावा असे सांगतो की मन आवरावे असे सांगतो, हे वेगळे करून दाखवणे कठीण आहे. या दोन दमांचा संबंध केवळ शब्दांचा आहे की शरीरातही तो खरोखरीच आहे, आणि असल्यास रोजच्या धकाधकीत आपल्याला त्याचा कितपत उपयोग करून घेता येईल, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी राहतो ते इंदिरानगर हे बंगळूर शहराच्या पूर्वभागातील एक उपनगर. आखून दिलेले रस्ते, बंगल्यांपुढच्या बागा आणि मोठमोठी झाडे असलेली ही निवांत वसाहत होती. आज तिच्या शंभर फुटी रस्त्यावर दुकाने, उपाहारगृहे आणि कचेऱ्या यांची अशी दाटी झाली आहे की संध्याकाळी पायी जाणारा मनुष्य मोटारीतल्या माणसाच्या आधी घरी पोहोचावा. २०११ साली शहरातील पहिली मेट्रो धावू लागली ती येथूनच. तरीही रस्त्यावरची गर्दी काही हटली नाही. या उपनगरात महाराष्ट्रातून पोटापाण्यासाठी आलेली पुष्कळ मंडळी आहेत. भेट झाली की पूर्वी एकमेकांना विचारावयाचे, "गावाकडे पाऊसपाणी कसे आहे?" आता विचारतात, "कामाचा ताण कसा आहे?" गंमत अशी की याच उपनगरात श्वास कसा घ्यावा हे शिकवणारे वर्गही चालतात, आणि त्यांसाठी लोक आनंदाने शुल्क भरतात. जन्मल्याबरोबर जी गोष्ट कोणी न शिकविता आली, ती चाळिशीत पैसे मोजून शिकावी लागावी, याचे आश्चर्य वाटते खरे. परंतु हसून सोडून द्यावे अशीही ही गोष्ट नाही.

ताण म्हणजे काय, ते आधी पाहू. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली असे दाखवून दिले की संकट समोर आले म्हणजे प्राण्याचे शरीर झुंज देण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी सज्ज होते. हृदय जलद चालते, स्नायूंकडे अधिक रक्त जाते, पचन मंदावते, श्वास उथळ आणि वेगवान होतो. पुढे १९३६ साली हान्स सेली यांनी, नाना प्रकारच्या आघातांना शरीर जवळजवळ एकाच ठरावीक रीतीने उत्तर देते, असा सिद्धांत मांडला, आणि 'स्ट्रेस' हा शब्द पुढे जगभर झाला. ही योजना निसर्गाने मोठ्या शहाणपणाने केली आहे. वाघ समोर आला असता पचनाचा विचार कोण करतो? अडचण एवढीच की आपल्या आयुष्यातला वाघ बदलला. तो आता वरिष्ठांच्या निरोपाच्या रूपाने येतो, कर्जाच्या हप्त्याच्या रूपाने येतो, मुलाच्या परीक्षेच्या निकालाच्या रूपाने येतो. त्याच्याशी झुंजताही येत नाही आणि त्याच्यापासून पळताही येत नाही. शरीर मात्र दिवसातून दहा वेळा लढाईला सज्ज होते आणि दहाही वेळा तसेच खुर्चीत बसून राहते. ही न झालेल्या लढाईची थकावट म्हणजेच आपला रोजचा ताण.

आता येथे श्वासाचा संबंध येतो. हृदयाला 'हळू चाल' अशी आज्ञा देता येत नाही. जठराला 'पचव' असे सांगता येत नाही. ही सारी खाती आपल्या परवानगीवाचून चालतात. श्वासही तसाच चालतो. आपण झोपेत असलो तरी मेंदूच्या देठातील एक केंद्र तो बिनबोभाट चालवीत असते. परंतु मनात आणले तर याच क्षणी आपण तो लांबवू शकतो, थांबवू शकतो, मंद करू शकतो. सरकारी भाषेत सांगावयाचे तर, हे एकच खाते असे आहे की ज्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या चालतात: एक निसर्गाची आणि एक आपली. त्यामुळे इतर बंद खात्यांपर्यंत निरोप पोहोचवायचा तर याच दारातून जावे लागते.

हा निरोप कसा पोहोचतो? श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि श्वास सोडताना ते किंचित मंदावतात. ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ साली नोंदवून ठेवली होती. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसे आणि जठर यांपर्यंत जाणारा 'व्हेगस' नावाचा एक लांबलचक मज्जातंतू आहे. हृदयाला लगाम घालण्याचे काम तो करतो, आणि श्वास सोडताना हा लगाम अधिक खेचला जातो. सुटकेचा निःश्वास 'टाकला' असे आपण म्हणतो, 'घेतला' असे म्हणत नाही. दुःखी माणूस उसासा 'सोडतो'. आपल्या बायाबापड्यांनी रुजविलेल्या या शब्दप्रयोगांत शरीरशास्त्र अचूक उतरले आहे. मनाला उसंत मिळते ती मुख्यतः बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर.

आपल्या देशात हे ज्ञान फार जुने आहे. संध्या करणाऱ्या घरांत आठ वर्षांच्या बटूलाही प्राणायाम शिकवीत असत. श्वास चंचल असला की मन चंचल होते आणि तो स्थिर झाला की मनही स्थिर होते, हे हठयोगाच्या ग्रंथांनी शतकानुशतके सांगितले. त्याच ग्रंथांत माणूस अहोरात्रीत एकवीस हजार सहाशे श्वास घेतो असा हिशेब येतो. त्याला चोवीस तासांनी आणि साठ मिनिटांनी भागले की मिनिटाला बरोबर पंधरा श्वास येतात, आणि आजचे डॉक्टर स्वस्थ माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात असे सांगतात. तथापि, जुने आहे म्हणून खरे, असे म्हणून आजचा वाचक आणि श्रोता स्वस्थ बसत नाही. आणि बसूही नये. ते तपासून पाहिले पाहिजे. अभिमानाची गोष्ट अशी की हे तपासण्याचे काम पहिल्याप्रथम पद्धतशीरपणे हाती घेणाऱ्यांत एक मराठी शिक्षक होते.

त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखते. त्यांचा जन्म १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे झाला. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले, खानदेशात अमळनेरला अध्यापन केले, आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदास महाराजांपाशी योगाचे धडे घेतले. गुरूवर श्रद्धा असूनही या शिष्याच्या मनात प्रश्न होता की, या क्रियांनी शरीरात नेमके घडते तरी काय? त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान, नौली आदी क्रिया तपासल्या. १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढून आपले प्रयोग जगापुढे ठेवण्यास आरंभ केला. १९६६ साली त्यांचे निधन झाले. संस्था आजही लोणावळ्यास आहे.

कुवलयानंदांची एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. प्राणायामाने शरीराला पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, असा लोकांचा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. हा समज त्यांच्या मताला सोयीचा होता. तो तसाच चालू दिला असता तर योगाचा प्रचार अधिक सुलभ झाला असता. परंतु आपल्या प्रयोगशाळेत मोजमाप करून त्यांनी सांगितले की हा समज चुकीचा आहे. प्राणायामाची किंमत प्राणवायूच्या साठ्यात नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. आजचे शास्त्रही याला दुजोरा देते. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय उपयोग? उलट कोणी जोरजोराने भराभर श्वास घेऊ लागला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू प्रमाणाबाहेर कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके गरगरू लागते. म्हणून खूप श्वास घेणे हा ताणावरचा उपाय नव्हे. हळू श्वास घेणे हा आहे.

त्यानंतरच्या काळात यावर जगभर संशोधन झाले. २००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी तेवीस निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. ख्रिस्ती लोकांची लॅटिन भाषेतील जपमाळ आणि बौद्धांचा 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र या माणसांकडून म्हणवून घेण्यात आला. आढळले असे की दोहोंमुळे श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहा इतका मंद झाला, आणि रक्तदाबाचा तोल सांभाळणारी शरीरातील यंत्रणा अधिक तल्लख झाली. धर्म निराळे, भाषा निराळ्या, परंतु श्वासाची लय एकच. आपल्या घरांतून संध्याकाळी शांतपणे म्हटली जाणारी स्तोत्रे आणि भजनाच्या फडात लांबविलेले चरण यांनीही कितीतरी पिढ्यांचा श्वास नकळत असाच लांबविला असावा, असे मला वाटते. २०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी रोज पाच मिनिटे याप्रमाणे महिनाभर निरनिराळ्या श्वसनपद्धतींची तुलना केली. त्यांत दीर्घ निःश्वासावर भर देणाऱ्या पद्धतीने मनाची प्रसन्नता अधिक वाढलेली दिसली. परिणाम चमत्कार म्हणावा असा नव्हे. परंतु ज्याला पैसा लागत नाही आणि साहित्य लागत नाही, त्या उपायाकडून माफक गुण आला तरी तो थोडा म्हणता येणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. खुर्चीत किंवा सतरंजीवर पाठ सरळ परंतु सैल ठेवून बसावे. एक हात पोटावर ठेवावा. आधी आत असलेला श्वास सावकाश सोडून द्यावा. मग नाकाने, आवाज न करता, मनात चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्यावा. हात किंचित वर उचलला गेला म्हणजे श्वास खोलवर गेला असे समजावे. नंतर सहा अंक मोजेपर्यंत तो हळूहळू सोडावा. अंक घड्याळाच्या सेकंदाच्या गतीने मोजले तर एका श्वासाला दहा सेकंद लागतात आणि मिनिटाला सहा श्वास होतात. चार आणि सहा जमत नसतील तर तीन आणि पाच मोजावेत. श्वास कोंडून धरू नये. मन भटकले तर रागावू नये. पुन्हा अंकांवर यावे. पाच मिनिटे पुरेत. गुदमरल्यासारखे वाटले किंवा चक्कर आली तर थांबावे आणि नेहमीसारखा श्वास घ्यावा. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसांचा आजार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, आपल्या डॉक्टरांना विचारूनच असा अभ्यास करावा.

यासाठी निराळी खोली नको की निराळी वेळ नको. इंदिरानगरहून मेट्रोत बसले की हलसूरु आणि ट्रिनिटी ही स्थानके मागे टाकून महात्मा गांधी रस्त्याचे स्थानक येईपर्यंत हा अभ्यास सहज होतो. मुंबईच्या लोकलमध्ये दांडीला लोंबकळताना तो जमेल असे मी म्हणणार नाही; परंतु बसायला जागा मिळाली तर जमेल. पुण्याच्या चौकात तांबडा दिवा लागलेला असताना डोळे उघडे ठेवून तीन-चार श्वास तरी घेता येतात. भात उतू जाण्याची वाट पाहत चुलीपाशी उभ्या असलेल्या गृहिणीलाही ते साधते.

इतके सांगून झाल्यावर, या उपायाची मर्यादा सांगणे हे माझे कर्तव्य आहे. त्यासाठी एक ऐतिहासिक प्रसंग आठवतो. १९२७ सालच्या मार्च महिन्यात महात्मा गांधी महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना कोल्हापूर-निपाणीकडे त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढला होता. अविश्रांत प्रवास आणि भाषणे यांचा तो परिणाम होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढचा दौरा रद्द झाला. आंबोलीस काही दिवस काढून ते मैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर गेले आणि तेथून जूनमध्ये बंगळुरास येऊन राहिले. याच काळात त्यांचा लोणावळ्याच्या कुवलयानंदांशी यौगिक उपचारांविषयी पत्रव्यवहार झाला. या प्रसंगाचा क्रम आपण ध्यानी घ्यावा. आधी काम थांबले, जागा बदलली, विश्रांती मिळाली. योगाचे साहाय्य त्या विश्रांतीच्या जोडीला आले. मनोनिग्रहात ज्यांच्याशी बरोबरी करणे कठीण, अशा पुरुषालाही केवळ निग्रहाच्या बळावर तोच दौरा रेटता आला नाही.

म्हणून जो मालक आपल्या नोकरांकडून बारा-बारा तास काम करवून घेतो आणि आठवड्यातून एकदा त्यांना श्वास घ्यायला शिकविणारा गुरू बोलावतो, तो औषध चुकीच्या माणसाला देत आहे. श्वासाने कामाचे तास कमी होत नाहीत, थकलेला पगार मिळत नाही, घरातला जाच संपत नाही. जेथे अन्याय आहे तेथे तक्रार केली पाहिजे. शांत श्वासाचा उपयोग ती तक्रार गिळण्यासाठी न करता ती नीट शब्दांत मांडण्यासाठी करावा. तसेच, ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याला कशातच रस वाटेनासा झाला आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याने श्वासाचे अंक मोजत बसू नये. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. याच बंगळुरातील निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था मनोविकारांवर उपचार करते, आणि योगाच्या परिणामांवर तेथे संशोधनही होत आले आहे. २०२२ साली 'टेली मानस' ही दूरध्वनिसेवा देशभर सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे आणि तिच्यासाठी पैसे पडत नाहीत. मन आजारी पडणे आणि ताप येणे यांत लाज वाटण्याच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

श्रोतेहो, ताण ही आपली खाजगी गोष्ट आहे असे आपण समजतो. परंतु दोन दशकांच्या सरकारी नोकरीत मी एक गोष्ट सतत पाहत आलो आहे: पाण्यासारखा ताणही नेहमी उताराकडे वाहतो. वरिष्ठ आपला राग हाताखालच्या अधिकाऱ्यावर काढतो, अधिकारी कारकुनावर, कारकून शिपायावर. आणि शेवटी तो खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येऊन पडतो. तो माणूस विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद घेऊन तिसऱ्यांदा आलेला असतो, अथवा सातबाराच्या उताऱ्यासाठी एसटीने चाळीस मैल आलेला असतो. त्याच्यापाशी तो राग पुढे ढकलण्यासाठी कोणी नसते. असलेच तर घरातले लहान मूल असते. चिडलेल्या मनाने लिहिलेला एक शेरा, 'कागदपत्रे अपूर्ण, अर्ज परत,' हा लिहिणाऱ्याला दोन सेकंदांचे काम असते. ज्याच्या नावे तो लिहिला गेला त्याचे त्यात सहा महिने जातात. अर्जात खरोखर काय उणे आहे ते शांतपणे पाहिले असते, तर कित्येकदा तो कागद तेथल्या तेथे पुरा करून घेता आला असता.

राग येऊ नये असे सांगणारा मी कोणी साधू नव्हे. राग येणारच, शरीराची ती शतसहस्र वर्षांची सवय आहे. परंतु राग येणे आणि लेखणी उचलणे यांच्यामध्ये एका दीर्घ निःश्वासापुरती जागा करता येते. दहा सेकंदांची ही जागा. तेवढ्यात हृदयाचा वेग थोडा उतरतो, आणि समोरचा कागद पुन्हा एका माणसाचा कागद दिसू लागतो. शिक्षकाला ही जागा छडीच्या शब्दांआधी हवी, आईबापांना मुलाचे गुणपत्रक हाती घेतल्यावर हवी, डॉक्टरला दिवसाच्या पन्नासाव्या रुग्णापुढे हवी, आणि मोटार चालविणाऱ्याला भोंग्यावर हात ठेवण्यापूर्वी हवी. आपण शांत झालो याचा लाभ आपल्याला होतोच. परंतु त्याहून मोठा लाभ त्याला होतो, जो आपल्यापुढे उभा आहे आणि ज्याला आपल्यावर रागावण्याचीही सोय नाही.

आपले वाडवडील याहून थोडक्यात बोलत. रागावलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, "अरे, जरा दम धर." श्वास आणि संयम, दोन्ही त्यांनी एकाच शब्दात सांगितले होते. दिवसातून एकदा तरी आपण तो शब्द स्वतःलाच ऐकवावा, एवढीच माझी विनंती आहे.